‘सारासार’चा सोपा पत्ता

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. एकोणीस वर्षं वाचकांसाठी लिहिलं. माणसाने कधीतरी वाचकांपासून रजा घ्यावी.

सकाळी मीटिंग. संपादकांनी जाहीर केलं की आपल्या पेपरच्या वेबसाइटवर ज्या सदराला महिन्याभरात पाचशे वाचक मिळणार नाहीत, ते सदर एक मार्चपासून बंद. वेबसाइटवरूनही आणि छापील अंकातूनही. हे ऐकल्यावर खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. दर गुरुवारी ‘सारासार’ लिहिणारा, कार्यालयातला एकमेव संस्कृत शिकलेला माणूस मीच; म्हणूनच इथे सगळे मला पंडित म्हणतात. दर्जाचा विषय निघाला की नजरा इकडेच वळणार.

आमचा मुद्रितशोधक, ज्याला सगळे स्वल्पविराम म्हणतात (कुणाचंही वाक्य तो पुरं होऊ देत नाही), त्याने मध्येच विचारलं की, साहेब, पाचशे म्हणजे पंडितांचे एकोणीस वर्षांचे मिळून धरायचे का? सगळे हसले. मीही हसलो. मोठ्या मनाचं हेच लक्षण.

त्यात महिना फेब्रुवारी. अठ्ठावीस दिवसांचा. संपादकांनी मुदतसुद्धा मापात मारली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जानेवारीतला ‘सारासार’चा आकडा कळला. त्रेचाळीस.

दुपारी चार. कारणही सापडलं. दोष लेखनात नाही, पत्त्यात आहे. वेबसाइटवर माझ्या सदराचा पत्ता असा: रन डॉट पीवाय, मग प्रश्नचिन्ह, मग पी बरोबर सात, मग ते पिळवटलेलं ‘अँड’चं चिन्ह, मग आयडी बरोबर तीनशे अठरा. कुठला सुसंस्कृत माणूस प्रश्नचिन्हावरून उडी मारून तत्त्वचिंतनाकडे येईल? घराला दिवाणखाना आहे, पण लोकांना मोरीच्या खिडकीतून आत यायला सांगितलंय.

हे काम तांत्रिकाचं. तांत्रिक म्हणजे वेबसाइट सांभाळणारा. सहा वर्षं होता, जानेवारीत दुसऱ्या कंपनीत गेला. सगळं लिहून ठेवून जातो म्हणाला होता. ठेवून गेला काय, तर एक फाइल आणि टेबलावरची एक कुंडी. विश्वासघात क्रमांक एक.

संकल्प: पत्ते मीच सोपे करणार. वेबसाइट पायथनमध्ये आहे. पायथन ही शेवटी भाषाच. गुरुजींच्या हाताखाली सात वर्षं काढलेल्या माणसाला भाषेची भीती कसली?

५ फेब्रुवारी, गुरुवार

पायथन आलं. बरंचसं आलं.

भाषा शिस्तीची आहे. कोणती ओळ कुणाच्या खाली, किती आत सरकून बसेल, याचे नियम कडक. पंगतीत कोण कुठे बसणार याला ही भाषा महत्त्व देते. आवडली.

तांत्रिकाने ठेवलेली फाइल उघडली. तिच्यात नियमांची यादी. प्रत्येक नियमाच्या डावीकडे पत्त्याचा नमुना, उजवीकडे एका स्क्रिप्टचं, म्हणजे छोट्या प्रोग्रामचं, नाव. बाहेरून पत्ता आला की यंत्र यादीत बघतं, उजवीकडच्या स्क्रिप्टला उठवतं, ती स्क्रिप्ट पान आणून दाखवते. संपलं. दारवानाचं काम. कुणाकडे जायचंय विचारायचं आणि खोली दाखवायची. यासाठी त्या गृहस्थाला कार्यालयाने सहा वर्षं वेगळी केबिन दिली होती!

घरी हिला समजावून सांगितलं. ही औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांची अक्षरं लावते, त्यामुळे तिला लवकर कळतं. कधीकधी गरजेपेक्षा लवकर. म्हणाली, अहो, लोक वाचत नाहीत ते पत्त्यामुळे, हे मान्य; पण छापील अंकात तर पत्ता लागत नाही, तो घरी येऊन पडतो, मग तिथे का वाचत नाहीत? मी म्हटलं, छापील अंकात मोजता येत नाही. मोजता येत नाही म्हणजे वाचत नाहीत असं सिद्ध होत नाही. ती म्हणाली, बरं.

तिच्या ‘बरं’वर एक लेख होईल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला प्रयोग. पत्ता सरळ देवनागरीत केला: सारासार. पडद्यावर इतका देखणा दिसला की दोन मिनिटं नुसता बघत बसलो. मग हिच्या फोनवर पाठवला. पोचेपर्यंत त्याची तीन ओळींची आगगाडी झाली होती. टक्क्याचं चिन्ह, आकडा, अक्षर, पुन्हा टक्क्याचं चिन्ह. हिचा दुकानातून लगेच फोन. म्हणाली, अहो, तुम्ही फोनवर बसलात की काय?

विश्वासघात क्रमांक दोन. यंत्र आपली लिपी तोंडावर गोड बोलून घेतं आणि पाठ वळली की तिचे आकडे करतं.

ठीक. रोमन तर रोमन. पण मग शब्द छोटा हवा. विचार केला, माणूस पेपर उघडतो तो कशासाठी? आजसाठी. म्हणून ‘सारासार’चा नवा पत्ता: आज. रोमनमध्ये तीन अक्षरं. इथे मात्र देवनागरीतच लिहीन, निदान या वहीत तरी तिला मान आहे.

‘आज’ या नावावर बातम्यांचा हक्क आहे, असं कुणी म्हणेल. पण आजची बातमी उद्याची रद्दी. विचार मात्र रोजच आजचा. दोन्ही बाजू मीच ऐकून घेतल्या आणि निकाल माझ्या बाजूने दिला.

९ फेब्रुवारी, सोमवार

संपादकांची परवानगी मिळाली. म्हणाले, सोपे पत्ते करताय तर सगळ्यांनाच करा. पाणी कधी येणार, मृत्युवार्ता, शब्दकोडं, नोकऱ्या, सगळ्यांना. लोक फोन करून करून ऑपरेटरचं डोकं खातात. मग म्हणाले, पण पंडित, जमणार असेल तरच हं. याला मी विश्वास समजतो.

स्वल्पविराम मागे लागला की फाइल झाली की एकदा नजर टाकू द्या. म्हणाला, फुकट टाकतो, पंडित, माझी नजर तशीही पडूनच आहे. मी सांगितलं, हे ऱ्हस्वदीर्घ तपासण्याचं काम नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मोठा शोध.

वेबसाइटची एक नोंदवही असते. यंत्र ती स्वतःच लिहितं. कोण आलं, किती वाजता आलं, कुठलं पान उघडलं. तिच्यात माझं पान शोधलं. एक वाचक रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ‘सारासार’ उघडतो. रोज. रविवारीही. मागे मागे गेलो. तीन वर्षांत एक दिवस खाडा नाही.

आणि सदर तर आठवड्यातून एकदा येतं! म्हणजे हा माणूस एकच लेख सलग सात दिवस, अनशापोटी वाचतो. असं पठण मी फक्त गुरुजींच्या घरी पाहिलंय, आणि तिथेही ते मारामुळे होतं.

कोण असेल? निवृत्त न्यायाधीश? एखाद्या विदुषी? पत्ता इतका गचाळ असताना, प्रश्नचिन्ह ओलांडून, अंधारात येणारा. मी त्याचं नाव ‘पहाटेचा रसिक’ ठेवलं.

हिला सांगितलं. म्हणाली, पाच दहाला? झोप येत नसेल हो बिचाऱ्याला. यावी म्हणून वाचत असेल. चोवीस तास औषधांत राहिलं की माणसाला सगळीकडे रोगच दिसतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा लेख नित्यवाचनावर. वरवर सगळ्यांसाठी, आतून एकासाठी. शेवटी लिहिलं होतं: ‘तू जो कुणी असशील, तुझ्या एकट्यासाठीही हे लिहिणं चालू राहील.’ लिहिताना डोळे भरून आले. चष्मा बदलायला झालाय हेही आहेच.

छापून आल्यावर पाहतो तर ‘तू’च्या जागी ‘आपण’, ‘तुझ्या’च्या जागी ‘आपल्या’. स्वल्पविरामाला विचारलं. म्हणाला, अनोळखी वाचकाला एकेरी कसं, पंडित? उद्या संपादकांच्या सासूबाईंनी वाचलं तर? एकोणीस वर्षांत हा माणूस माझ्या कुठल्याही भावनेच्या आड आल्यावाचून राहिलेला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नियमांची यादी तयार. एकतीस नियम. रचना शास्त्रशुद्ध.

तांत्रिकाने सगळं उलटं मांडलं होतं. विशेष नियम वर, सामान्य नियम पार तळाशी. अडाणीपणा. गुरुजी सांगत, आधी सामान्य सांगावं, मग अपवाद. ‘सगळ्यांना आत घ्या.’ त्यानंतर ‘शेजारच्याला घेऊ नका.’ शेंबड्या पोरालाही कळतं की शेजारी बाहेर राहणार. मागून आलेला विशेष नियम आधीच्या सामान्याला कापतो. सगळा शास्त्रव्यवहार यावर चालतो.

म्हणून सर्वांत वर माझा सामान्य नियम: कोणताही पत्ता येवो, ‘सारासार’ दाखवा. हेतू निर्मळ आहे. आतापर्यंत वाट चुकलेल्या माणसाला ‘पान सापडलं नाही’ असं फटकन सांगितलं जायचं. वाट चुकलेल्याला निदान चार विचार तरी मिळावेत. त्याखाली तीस अपवाद: पाणी, मृत्युवार्ता, कोडं, नोकऱ्या वगैरे ऐहिक.

फाइलच्या डोक्यावर तांत्रिकाची एक अर्धवट टीप होती. क्रियापद नाही, काही नाही. पुसली.

चाचणी घेतली. ‘आज’ टाइप केलं, ‘सारासार’ आलं. मग डोळे मिटून वाट्टेल त्या कळा दाबल्या. ‘सारासार’ आलं. चाचणी समाप्त.

१६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी अकरा

नवे पत्ते सुरू केले. छापील अंकात पहिल्या पानावर चौकटही आली आहे. स्वल्पविरामाने विचारलं, पाण्याचं पान उघडून बघितलंत ना? मी म्हटलं, नियम लिहिल्यावर उघडून बघणं हा नियमावरचा अविश्वास. तो म्हणाला, आमच्या धंद्यात त्याला तपासणं म्हणतात.

सायंकाळी पाच

‘सारासार’: तीन हजार आठशे चाळीस.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीन हजार नऊशे बारा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चौदा हजार दोनशे सहा. समाज तहानलेला होता, फक्त दार नव्हतं. संपादक बाहेरगावी आहेत, गुरुवारी येतील. त्यांच्या तोंडाकडे बघायचं आहे.

एकोणीस वर्षांत मला अकरा पत्रं आली. आज एका दिवसात दोनशेच्या वर. सगळी वाचणं अशक्य. काही वेचे उतरवून ठेवतो. ‘पुन्हा पुन्हा हेच पान उघडतंय’: लेखाची ओढ. ‘काय चाललंय काय हे?’: जगातलं सगळं तत्त्वज्ञान याच प्रश्नातून सुरू झालं. ‘पाणी कधी येणार तेवढं सांगा’: यातली तृष्णेची प्रतिमा फार बोलकी आहे. शब्दकोड्यातल्या आडव्या सातचं उत्तर ‘सारासार’ आहे का, असंही एकाने विचारलंय. असेलही.

एकाने लिहिलंय, माझ्या वडिलांची बातमी कुठे आहे. हे पत्र कळलं नाही. बाजूला ठेवलं.

घरी हिला आकडा सांगितला. ती म्हणाली, दुकानात आज चार गिऱ्हाइकांनी विचारलं, तुमच्या मिस्टरांच्या पेपरला झालंय काय म्हणून. मी म्हटलं, याला कीर्ती म्हणतात. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. आदर असा उशिरा आला की आधी ओळखू येत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

योजना. एक, निवडक ‘सारासार’चं पुस्तक. दोन, आठवड्यातून दोनदा लिहिण्याची विनंती संपादक करतील. आधी नाही म्हणायचं. तीन, सदरावर फोटो.

तिसरी योजना लगेच अमलात आणली. स्टुडिओत जाऊन हनुवटीला हात लावून फोटो काढला. फोटोग्राफरने विचारलं, दाढ दुखतेय का?

१९ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी

संपादक साडेनऊला आले. सरळ केबिनमध्ये गेले आणि स्वल्पविरामाला आत बोलावलं. मला नाही. माझ्याविषयी चांगलं बोलायचं असेल तर मला बाहेर ठेवणंच योग्य.

नऊ चाळीसपर्यंत आजचे वाचक दोन हजार शंभर.

दुपारी बारा

दोन हजार एकशे एक. तो शेवटचा एक मीच.

दुपारी दोन

स्वल्पविरामाने घात केला. संपादकांच्या सांगण्यावरून त्याने माझी फाइल उघडली, माझा सामान्य नियम वरून उचलला आणि तळाशी नेऊन ठेवला. एक ओळ. अक्षरही बदललं नाही. आणि चार दिवसांत उभा राहिलेला वाचकवर्ग बारा मिनिटांत नाहीसा झाला.

जाब विचारला. त्याने खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं. त्याच्या खुर्चीत दोन उशा असतात, त्यातली एक मला दिली. म्हणाला, यंत्र यादी वरून वाचायला लागतं, पंडित. जो नियम पहिला जुळेल त्याप्रमाणे वागतं आणि खाली बघतच नाही. तुम्ही म्हणालात सगळ्यांना आत घ्या. त्याने घेतलं. शेजाऱ्याचं तुम्ही सांगेपर्यंत शेजारी सोफ्यावर चहा पीत बसलाय.

म्हणजे सोमवारपासून पाणी, मृत्युवार्ता, कोडं, नोकऱ्या, जे जे कुणी शोधायला आलं ते ते माझ्या खोलीत आणून उभं केलं गेलं होतं.

मी म्हटलं, हे शास्त्राला धरून नाही. तो म्हणाला, नसेल. पण यंत्र तुमच्या गुरुजींकडे शिकलेलं नाही ना. विचारलं, तुला पायथन कधीपासून येतं? म्हणाला, कुठे येतंय. जुन्या फाइलची प्रत होती, तिच्या डोक्यावर तांत्रिकाने लिहून ठेवलंय: ‘क्रम महत्त्वाचा. वरून पहिला जुळणारा तोच.’ तेवढं वाचलं.

क्रियापद नसलेली टीप.

रात्री

संपादकांनी संध्याकाळी बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. फक्त म्हणाले, पंडित, मृत्युवार्तासुद्धा? ओरडले असते तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाजूला ठेवलेलं पत्र काढलं. खाली नंबर होता. फोन केला.

त्याच्या वडिलांची शोकसभा बुधवारी होती. जागा आणि वेळ मृत्युवार्तेत दिली होती. वडिलांच्या मित्रांना त्याने आमचा नवा सोपा पत्ता कळवला होता, चौकटीतला. पत्र मंगळवारचं. सभा बुधवारची. मंगळवारी ते पत्र माझ्या हातात होतं आणि मी ते बाजूला ठेवलं. बुधवारी मी फोटो काढत होतो.

बोलण्यासाठी परिच्छेद लिहून घेतला होता. त्यात ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असे शब्द होते. ते तोंडातून निघेनात. म्हटलं, माझी एक ओळ चुकीच्या जागी होती. तो म्हणाला, अकरा जण आले. वडील चाळीस वर्षं एकाच बँकेत होते. आम्हाला वाटलं, लोक विसरले.

मग त्याने विचारलं, ते पान तुम्हीच लिहिता का? हो म्हटलं. म्हणाला, मी तीनदा उघडलं, तीनदा तेच आलं. मग वाचलं. सगळं वाचलं. म्हटलं, शेवटी तरी वडिलांचं नाव येईल.

फोन त्यानेच ठेवला.

आज आणखी काही लिहिणार नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस विचार केला. झालं ते वाईट झालं. संपादकांशी बोलून त्या गृहस्थाच्या वडिलांवर उद्याच्या अंकात फोटोसह मजकूर जाईल अशी व्यवस्था केली. लिहायला मी तयार होतो. संपादक म्हणाले, नको, स्वल्पविराम लिहील.

परंतु ‘सारासार’चा प्रश्न वेगळा आहे. संपादक म्हणतात, १६ ते १९चे आकडे धरता येणार नाहीत. मान्य. उरले छत्तीस. पण या सगळ्या गदारोळात एक जण अविचल राहिला. पहाटेचा रसिक! घोटाळ्याच्या आधी पाच दहा, घोटाळ्यात पाच दहा, नंतरही पाच दहा. त्याला कुणी चुकून आणलं नव्हतं. तो माझ्याकडेच येतो.

हे संपादकांना सांगितलं. पाचशे वाटसरू एकीकडे आणि एक उपासक एकीकडे. ते चष्मा काढून विचार करू लागले. खरंच करत होते. म्हणाले, तीन वर्षं रोज? मग म्हणाले, कोण आहे ते शोधा. असा एक वाचक दाखवा, पंडित, मी सदर चालू ठेवतो. आकडा गेला खड्ड्यात.

मी त्यांच्याविषयी उगीच वाकडं लिहिलं. वरचं खोडत नाही, पण तसं नमूद करतो.

उद्या तांत्रिकाला फोन. नोंदवहीतून माणूस कसा ओळखायचा ते त्यालाच ठाऊक.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तांत्रिकाने फोन उचलला. आनंदाने बोलला. आधी कुंडीची चौकशी केली. मग मी पाच दहाचं विचारलं.

तो हसला. म्हणाला, अहो पंडित, ते माझंच आहे. एक छोटी स्क्रिप्ट लावून ठेवलीय. रोज पहाटे आपल्या वेबसाइटचं एक पान उघडून बघते. उघडलं तर वेबसाइट जिवंत आहे, नाही उघडलं तर कार्यालयात निरोप जातो.

मी विचारलं, माझंच पान का? म्हणाला, हलकं पान हवं होतं, जिथे गर्दी नसते, कुणाला त्रास होत नाही. यात कुचेष्टा नव्हती. स्कूटर कुठे लावतो हे माणूस सांगतो, त्या आवाजात सांगितलं.

वर म्हणाला, ती बंद नका हं करू, नाहीतर साइट मेली तरी कुणाला कळायचं नाही.

जानेवारीचे त्रेचाळीस. त्यातून एकतीस वजा. उरले बारा. त्यात मी कार्यालयातून, मी घरून, आणि स्वल्पविराम, पगारासाठी.

त्याने त्या लेखात ‘तू’चं ‘आपण’ केलं ते एका अर्थी बरंच झालं. यंत्राला निदान मान तरी दिला गेला.

घरी येऊन आडवा झालो. हिने विचारलं, मी सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे कळलं. मग सरळच विचारलं, तू वाचतेस का गं? ती म्हणाली, अहो, दर गुरुवारी जेवताना तुम्ही अथपासून इतिपर्यंत सांगताच की. परत वाचून काय, परीक्षा द्यायचीय?

म्हणजे श्रोता आहे. पूर्वी ज्ञान असंच कानांनी जायचं. वाचकापेक्षा श्रोत्याची परंपरा जुनी. परंतु संपादक श्रोते मोजत नाहीत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

संपादकांना खरं ते सांगितलं. निवृत्त न्यायाधीश म्हणून कुणाला तरी उभं करता आलं असतं. मेव्हणा तयार होता, त्याचा आवाजही भारदस्त आहे. पण सांगितलं. संपादक म्हणाले, हं. मग म्हणाले, चहा घेता का? एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. नाही म्हटलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून घेतला.

शेवटचा लेख आज छापून आला. विषय मुद्दामच साधा ठेवला होता: लिहिणं का थांबवावं.

त्याचं प्रूफ काल स्वल्पविरामाने परत केलं तेव्हा कागदावर एकही खूण नव्हती. एकोणीस वर्षांत असं झालेलं नाही. विचारलं, चुका नव्हत्या? म्हणाला, होत्या. राहू देत.

म्हटलं, बघून तरी सांग किती. तो म्हणाला, पंडित, आता तुम्ही बोला, मी मध्ये बोलत नाही. आणि खरंच गप्प बसला. मला काही सुचेना.

२ मार्च, सोमवार

‘सारासार’ बंद. जागेवर चष्म्यांची जाहिरात आहे.

पत्त्यांची फाइल आता अधिकृतपणे स्वल्पविरामाकडे. संपादक त्याला म्हणाले की ‘आज’ हा पत्ता फुकट घालवू नका. छोटा आहे, आणि त्या चार दिवसांत सगळ्या शहराला पाठ झालाय. त्याने माझ्यासमोरच बदल केला. डावीकडचं ‘आज’ तसंच ठेवलं. उजवीकडे माझ्या स्क्रिप्टचं नाव पुसून पाण्याच्या वेळापत्रकाच्या स्क्रिप्टचं लिहिलं. मला विचारलं, बरोबर जागी आहे ना, पंडित? मी वरपासून खालपर्यंत नियम तपासले. बरोबर होतं. उघडूनही बघितलं.

दुपारपर्यंत ‘आज’वर नऊ हजार माणसं येऊन गेली. एकाचीही तक्रार नाही.

हिला पत्ता पाठवला. या वेळी तीन अक्षरं निघाली आणि तीनच पोचली. पाच मिनिटांत तिचा फोन. म्हणाली, उघडलं, वाचलं, अगदी नेमकं लिहिलंय हो, कुठे पाल्हाळ नाही. दुकानातल्या दोघींना आणि माझ्या बहिणीलाही पाठवलं.

हिने कुणाला वाचायला पाठवलेलं माझं हे पहिलं पान. पाणी सायंकाळी सात ते आठ. लवकर निघतो, टाकी भरायची आहे.